सहा बाटल्या आणि एक डिफ्युझर: सुगंधी तेलं नेमकी किती आणि कशी वापरायची?

रातराणी

भेट म्हणून इसेन्शियल ऑइल्सचा संच मिळाला आहे. १० मिलीच्या सहा बाटल्या: लव्हेंडर, पेपरमिंट, निलगिरी, टी ट्री, गवती चहा आणि बर्गमॉट. सोबत १०० मिली टाकीचा अल्ट्रासोनिक डिफ्युझर, म्हणजे पाणी आणि तेल धुक्यासारखं उडवणारं यंत्र. माहितीपत्रकात प्रत्येक तेलापुढे "गरजेनुसार काही थेंब" एवढंच छापलंय. काही म्हणजे दोन की वीस?

मला हवंय ते असं: रात्री झोपताना खोलीत मंद वास, डोकं दुखलं की कपाळाला लावायला काहीतरी, सर्दीत वाफ घेण्यासाठी, आणि मान-खांदे आखडले की चोळायला तेल. आंघोळीच्या पाण्यात टाकता आलं तर तेही. घरात तीन वर्षांची मुलगी आणि एक मांजर आहे. नेटवर शोधलं तर एकीकडे "निसर्गाची देणगी, बिनधास्त वापरा" आणि दुसरीकडे "हातसुद्धा लावू नका". आकड्यांत बोलणारं कुणी असेल तर कृपया सांगा. ऊर्जा, चक्रं, कंपनं वगैरे नको.

थेंबे_थेंबे

आधी मोजमाप, कारण बाकी सगळं त्यावरच उभं आहे.

बाटलीतलं तेल हे पाना-फुलांमधून बहुधा वाफेने ओढून काढलेला अर्क असतो (लिंबू-संत्र्याच्या जातीची तेलं साल दाबून काढतात). तो उडून जातो, पाण्यात मिसळत नाही आणि कातडीवर थेट लावायचा नसतो. आधी न उडणाऱ्या साध्या तेलात मिसळायचा. याला बेस तेल म्हणूया. बदाम, तीळ, खोबरेल, जोजोबा, काहीही चालेल. द्राक्षबियांचं तेल हलकं असतं पण लवकर खवट होतं. जोजोबा खरं तर तेल नाही, द्रवरूप मेण आहे, म्हणून ते खूप टिकतं.

मोठ्या माणसांसाठी चेहऱ्याला ०.५ ते १ टक्का, अंगाला रोज लावायचं असेल तर १ ते २ टक्के, आणि आखडलेल्या एखाद्याच भागाला चार-आठ दिवसांपुरतं ३ टक्के, फार तर ५. दोन वर्षांवरच्या मुलांना ०.५ टक्के, आणि तेही सगळी तेलं नाहीत. दोन वर्षांखालच्या बाळाच्या अंगाला काहीच नाही.

आता थेंब. "१ मिलीत २० थेंब" हे पुस्तकी गणित आहे. बाटलीच्या तोंडाशी जे प्लास्टिकचं बूच असतं त्याच्या भोकावर आणि तेलाच्या घट्टपणावर थेंबाचा आकार ठरतो, आणि प्रत्यक्षात १ मिलीत २० ते ३५ थेंब बसतात. निलगिरी भराभर गळते, वाळा किंवा चंदन एकेक थेंब सोडतं. म्हणून स्वयंपाकघरातला नव्हे, दागिने तोलायचा ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. त्यावर बाटलीचं झाकण ठेवून शून्य करा, २० थेंब टाका, वजन बघा, तेल परत बाटलीत. समजा ०.६० ग्रॅम भरलं, तर तुमच्या बाटलीचा एक थेंब ०.०३ ग्रॅम. हे प्रत्येक बाटलीचं एकदाच करायचं आणि आकडा लेबलवर लिहून ठेवायचा. मग ३० ग्रॅम बेस तेलात २ टक्के म्हणजे ०.६ ग्रॅम, म्हणजे २० थेंब. पुस्तकी हिशोबाने तुम्ही १२ टाकले असते आणि "वासच येत नाही" म्हणून अंदाजाने भर घातली असती. सगळी गडबड त्या अंदाजातच होते.

तुमच्या सहांपैकी दोघांना वेगळी मर्यादा आहे. गवती चहात सिट्राल भरपूर असतं, ते कातडीला झोंबतं आणि ॲलर्जीही आणतं. त्वचेवर कमाल ०.७ टक्के. बर्गमॉट हेही लिंबाच्या जातीचं, त्यात बर्गाप्टेन नावाचा पदार्थ असतो. तो लावलेल्या कातडीवर ऊन पडलं की भाजल्यासारखे फोड येतात आणि नंतर महिनोन् महिने काळपट डाग राहतो. कमाल ०.४ टक्के. त्याहून जास्त लावलं असेल तर ती जागा निदान १२ ते १८ तास उन्हापासून झाकून ठेवायची. लेबलवर "एफसीएफ" किंवा "बर्गाप्टेन-फ्री" असेल तर ही भीती नाही. दाबून काढलेल्या लिंबाच्या तेलाला २ टक्के आणि ग्रेपफ्रूटला ४ टक्के अशी हद्द आहे, गोड संत्र्याला ती नाही. एकाच मिश्रणात अशी दोन तेलं असली तर मर्यादाही वाटून घ्यायची: बर्गमॉट त्याच्या हद्दीच्या निम्मं, लिंबू त्याच्या हद्दीच्या निम्मं.

पुढेमागे आणखी तेलं घ्याल म्हणून: लवंग ०.५ टक्के, दालचिनीच्या सालीचं ०.०७ टक्के. हा शेवटचा आकडा नीट वाचा. ३० मिलीत जेमतेम अर्धा थेंब. ते कातडीसाठी विसरूनच जा.

मान-खांद्यांसाठी: ३० ग्रॅम बेस तेल, ०.४ ग्रॅम लव्हेंडर, ०.२ ग्रॅम पेपरमिंट. एकूण २ टक्के. पेपरमिंटमधलं मेंथॉल थंडावा देतं, त्यामुळे दुखण्याकडचं लक्ष कमी होतं. आखडलेला स्नायू मोकळा होतो तो चोळण्याने. त्यावर लगेच गरम पाण्याची पिशवी ठेवू नका. थंडाव्यामुळे चटका उशिरा कळतो आणि तेलही जास्त मुरतं.

नवीन मिश्रण आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून, वर पट्टी चिकटवून ४८ तास ठेवा. खाज, लाली आली तर ते तेल तुमचं नाही. पट्टी काढल्यावरही दोन दिवस नजर ठेवा, कारण ॲलर्जीची लाली कधीकधी उशिरा उठते.

एक अवांतर पण गंभीर: बेस तेल पुसलेले टॉवेल नीट न धुता गरम हवेच्या ड्रायरमध्ये घालून, सुकल्यावर गठ्ठा करून ठेवू नका. खायची तेलं हवेशी संयोग होताना आपोआप तापतात आणि असे गठ्ठे पेटतात.

सुगंधा७

एवढा बाऊ कशाला? लव्हेंडर आणि टी ट्री ही दोन तेलं थेट लावली तरी चालतात, सगळीकडे तसंच लिहिलेलं असतं. आणि बाटलीवर "थेरप्यूटिक ग्रेड" असेल तर ग्लासभर पाण्यात एक थेंब टाकून पिताही येतं. नैसर्गिकच आहे ना.

काचबाटली

सुगंधा७, तिन्ही मुद्द्यांवर असहमत, आणि कारणं देतो.

"थेरप्यूटिक ग्रेड" अशी कुठलीही प्रत कुणी स्वतंत्र संस्था तपासून देत नाही. ती विकणाऱ्याने स्वतःच छापलेली पदवी आहे. लेबलवर बघायचं ते हे: वनस्पतीचं शास्त्रीय नाव, कुठला भाग वापरला, काढण्याची पद्धत, बॅच क्रमांक आणि त्या बॅचचा जीसी-एमएस अहवाल (तेलात कुठला घटक किती टक्के हे सांगणारी प्रयोगशाळेतली तपासणी). नुसतं "लव्हेंडर ऑइल" लिहिलं असेल तर ते लॅव्हेन्ड्युला अँगुस्टिफोलिया आहे की लॅव्हेन्ड्युला इंटरमीडिया, म्हणजे लॅव्हेंडिन, हे कळत नाही. लॅव्हेंडिन स्वस्त पडतं, त्याला कापराचा ठसका असतो, आणि झोपेसाठी घेतलेलं तेल उलट तरतरी आणतं अशी तक्रार येते ती बरेचदा यामुळे. टी ट्रीच्या अहवालात टर्पिनेन-४-ऑल हा त्याचा मुख्य घटक बघा, ३५ टक्क्यांच्या वर हवं. "फ्रॅग्रन्स ऑइल" किंवा "परफ्यूम ऑइल" लिहिलं असेल तर ती वेगळीच वस्तू, तिचं इथलं काहीच लागू नाही. कागदावर थेंब टाकून डाग राहतो का बघायची जी चाचणी सांगतात ती फक्त खायच्या तेलाची भेसळ पकडते. कृत्रिम लिनालूल (लव्हेंडरच्या वासाचा एक मुख्य घटक) घातलेलं लव्हेंडर त्यातून आरामात पास होतं.

थेट लावण्याबद्दल. पहिल्या दहा वेळा काही होत नाही, म्हणूनच लोक ठामपणे सांगतात. ॲलर्जी ही शरीराने लक्षात ठेवलेली गोष्ट असते. ती तयार व्हायला वेळ लागतो आणि एकदा झाली की सहसा आयुष्यभर राहते. मग तोच घटक असलेला साबण, शाम्पू, क्रीम सगळंच बंद. त्यातही जुनं तेल जास्त वाईट. लव्हेंडरमधलं लिनालूल आणि लिंबू-संत्र्यांतलं लिमोनीन हवेशी संयोग पावून हायड्रोपेरॉक्साइड्स बनवतात, आणि खरी ॲलर्जी आणतात ती ही. टी ट्रीचंही तेच. ताजी बाटली निरुपद्रवी आणि तीच बाटली दोन वर्षांनी त्रासदायक, हे त्यामुळे होतं.

पिण्याबद्दल. तेल पाण्यात विरघळत नाही, तरंगतं. ग्लासभर पाण्यात टाकलेला थेंब शेवटी शंभर टक्के तीव्रतेनेच ओठाला, घशाला, अन्ननलिकेला चिकटतो. लव्हेंडर तेलाच्या ८० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल अस्वस्थतेवर, आणि पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूल आयबीएसवर (पोटात कळा, जुलाब-बद्धकोष्ठ असा आतड्याचा त्रास) अभ्यासलेल्या आहेत, हे खरं. पण पेपरमिंटच्या त्या कॅप्सूलवर आवरण असतं, ती पोटात नव्हे, आतड्यात फुटते. मात्रा मोजलेली असते. ते औषध आहे. त्यावरून बाटलीतून थेंब पिण्याचा परवाना निघत नाही.

साठवण लगे हाथ सांगून टाकतो. गडद रंगाची काचेची बाटली, झाकण घट्ट, उभी, थंड अंधाऱ्या जागी. फ्रिजमध्ये चालेल. रबरी फुग्याचा ड्रॉपर लावून ठेवू नका, वाफांनी रबर फुगून चिकट होतं आणि तेलात उतरतं. उघडल्याची तारीख लेबलवर लिहा. लिंबूवर्गीय आणि टी ट्री साधारण वर्षभर, लव्हेंडर-पेपरमिंट दोन-तीन वर्षं. वाळा, पचौली, चंदन टिकतात आणि मुरून बरे लागतात. बाटली अर्ध्याच्या खाली आली की उरलेलं छोट्या बाटलीत काढा, कारण वरची रिकामी जागा म्हणजे हवा. जुन्या तेलाला तीक्ष्ण, वार्निशसारखा वास येतो किंवा ते दाट होतं. असं तेल कातडीला नको, डिफ्युझरलाही नको.

वाफारा

डिफ्युझर, वाफ आणि डोकेदुखी माझ्याकडे.

डिफ्युझर: १०० मिली पाण्याला एकूण ३ ते ५ थेंब. "एकूण" म्हणजे टाकलेली सगळी तेलं मिळून, प्रत्येकी नव्हे. झोपायच्या खोलीत ३ पुरे. ३० मिनिटं चालू, मग निदान तेवढाच वेळ बंद, आणि खोली पूर्ण बंद नको, दार किंवा खिडकी किलकिली हवी. रात्रभर चालवण्याने काही जास्त मिळत नाही. नाक दहा-पंधरा मिनिटांत त्या वासाला सरावतं, वास येईनासा होतो, माणूस आणखी थेंब टाकतो, आणि सकाळी डोकं जड. वास येतोय का हे स्वतःच्या नाकाला विचारू नका. पाच मिनिटं खोलीबाहेर जाऊन परत या.

झोपेसाठी लव्हेंडर २ आणि बर्गमॉट १. झोपण्याच्या अर्धा तास आधी लावा आणि अंथरुणात शिरताना बंद करा. खरं सांगायचं तर झोपेसाठी डिफ्युझरही लागत नाही: टिश्यूवर एक थेंब टाकून उशीपासून हातभर अंतरावर ठेवा. उशीच्या अभ्र्यावर थेट टाकू नका, गालाला लागतं आणि डाग पडतो. लव्हेंडरने झोप बरी लागल्याचं अभ्यासांत दिसतं, पण परिणाम माफक आहे. उशिरा घेतलेला कडक चहा त्याने उतरणार नाही.

यंत्राचं: पाणी गार, कमाल रेषेच्या खाली. रेषेच्या वर भरलं की तळातल्या, धुकं उडवणाऱ्या चकतीला एवढा जलस्तंभ उचलता येत नाही आणि धुकं मंदावतं. "बिघडला" म्हणून येणाऱ्या तक्रारींत हे बरंच असतं. दुसरं कारण चकतीवर बसलेला थर. क्षाराचा पांढरा थर असेल तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा चकतीवर पाच मिनिटं ठेवून पुसा. चिकट पिवळट थर तेलाचा असतो, तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघतो. नखाने किंवा सुरीने खरवडलं की चकती गेली. टाकीत बेस तेल किंवा आधी बनवलेलं मालिशचं मिश्रण कधीच घालू नका. वापर झाला की पाणी ओता, टाकी कोरडी करा. शिळ्या पाण्यात जंतू वाढतात आणि धुक्याबरोबर तेही हवेत जातात. पॉलिश केलेल्या लाकडावर डिफ्युझर ठेवू नका. आणि खोलीत ओझोन सोडणारं हवा-शुद्धीकरण यंत्र असेल तर दोन्ही एकदम चालवू नका: ओझोन आणि लिमोनीन एकत्र आले की फॉर्माल्डिहाइड आणि बारीक कण तयार होतात.

सर्दीची वाफ: पाणी उकळून खाली उतरवा, दोन मिनिटं थांबा, मग निलगिरीचा एक थेंब. एकच. डोळे घट्ट मिटून, चेहरा एक वीतभर वर, पाच मिनिटं. तेल गरम पाण्यावर पडताक्षणी सगळं एकदम उडतं, त्यामुळे पहिला झोत सर्वात तीव्र असतो. तो जाऊ द्या, मग वाका. दमा असेल तर हे करू नका, श्वासनलिका आवळू शकतात. आणि एक लक्षात घ्या, मेंथॉलने नाक "उघडतं" ते जाणवण्यापुरतं. थंडी ओळखणारे जे संवेदक नाकात असतात त्यांना ते चाळवतं आणि हवा जास्त येतेय असं वाटतं. मोजून बघितलं तर हवेला होणारा अडथळा तेवढाच असतो. वाटणंही काही वाईट नाही, पण चार दिवसांनी ताप असेल तर वाफेच्या भरवशावर बसू नका.

डोकेदुखी: ताणाच्या डोकेदुखीवर पेपरमिंट तेलाचा पुरावा बाकी बऱ्याच उपयोगांपेक्षा चांगला आहे. अभ्यास झाले ते अल्कोहोलमधल्या १० टक्के द्रावणावर, कपाळाला आणि कानशिलांना लावून, आणि जर्मनीत असं द्रावण औषध म्हणून मिळतं. घरी एवढं तीव्र करू नका. १० ग्रॅम बेस तेलात ०.३ ग्रॅम, म्हणजे ३ टक्के, रोल-ऑन बाटलीत. केसांच्या रेषेजवळ लावायचं, डोळ्यापासून तीन बोटं लांब, पंधरा मिनिटांनी हवं तर पुन्हा. हात धुवा. न धुता डोळा चोळला की डोकेदुखीचा विसर पडेल, पण चुकीच्या कारणाने. रक्तात जी-सिक्स-पीडी एन्झाइमची कमतरता असलेल्यांनी मेंथॉल टाळावं.

रातराणी

बापरे, एवढ्या तपशिलाची अपेक्षा नव्हती, आभार. काटा मागवते. दोन शंका उरल्या: आंघोळीच्या पाण्यात कसं घालायचं? जाड मिठात थेंब टाकून ते मीठ पाण्यात, असं बऱ्याच ठिकाणी वाचलं. आणि कोरफडीच्या जेलमध्ये टी ट्री मिसळून पुटकुळ्यांना लावू का? मुलगी आणि मांजर यांच्याबद्दल कुणीच बोललं नाही, तेही प्लीज.

काचबाटली

मिठाची पद्धत मोडीत काढा. मीठ पाण्यात विरघळतं, तेल तिथेच सुटं होऊन वर येतं आणि बसल्यावर नेमकं नाजूक कातडीला चिकटतं. दुधाचंही तसंच, त्यातली थोडीशी चरबी काही पुरत नाही. पेपरमिंट किंवा गवती चहा असा वर तरंगला की आंघोळ अर्धवट टाकून उठायची वेळ येते. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन त्यात मीठ आणि तेल ढवळून पाच मिनिटं ठेवा, तवंग स्वतःच दिसेल.

चालतं ते दोन प्रकारे. एक, ५ थेंब लव्हेंडर आधी चमचाभर, म्हणजे १५ मिली, बेस तेलात मिसळून मग पाण्यात. तेलकट राहतं, फरशी घसरडी होते, लगेच पुसा. दोन, पॉलिसॉर्बेट २० नावाचं विद्रावक, म्हणजे तेल पाण्यात मिसळवणारा पदार्थ: सुगंधी तेलाच्या निदान चौपट वजनाचं घेऊन आधी दोन्ही नीट ढवळा, मग पाण्यात. मिश्रण पाण्यात टाकल्यावर दुधी झालं पण तवंग नसेल तर जमलं. तवंग आला तर विद्रावक कमी पडलंय. दोन्ही नको असेल तर बिनवासाच्या शाम्पूत किंवा बॉडीवॉशमध्ये १ टक्का घाला. माझं मत विचाराल तर हाच मार्ग सर्वांत कमी कटकटीचा.

कोरफडीचं जेल म्हणजे मुख्यतः पाणीच. ढवळल्यावर तेलाचे बारीक थेंब जेलमध्ये अडकून राहतात, म्हणून मिसळल्यासारखं वाटतं, पण एका बोटाला काहीच येत नाही आणि दुसऱ्या बोटाला निव्वळ टी ट्री. मुरुमांवर ५ टक्के टी ट्रीच्या तयार जेलचा चांगला उपयोग अभ्यासांत दिसला आहे, बेंझॉइल पेरॉक्साइड या मुरुमांवरच्या नेहमीच्या औषधापेक्षा सावकाश पण कमी कोरडेपणाने. ते तयार विकत घ्या. घरी करायचंच तर जोजोबात १ ते २ टक्के, कापसाच्या काडीने फक्त पुटकुळीवर.

घरी पाण्यातला स्प्रे करणार असाल तर तेही थांबवतो: पाणी असलेल्या कुठल्याही मिश्रणात परिरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह) नसेल तर काही दिवसांत बुरशी. सुगंधी तेल घातलंय म्हणजे जंतू वाढणार नाहीत हा गैरसमज आहे.

बोकोबा

मांजरावर येतो, कारण वरचं सगळं माणसाच्या यकृताचं गणित होतं.

ही तेलं शरीराबाहेर टाकण्यासाठी यकृत त्यांना ग्लुकुरॉनिक आम्ल जोडतं. मांजराच्या यकृतात हे काम करणारी एन्झाइम्स फार तोकडी. त्यामुळे आपल्यात काही तासांत निघून जाणारा पदार्थ तिच्यात साचतो. अल्ट्रासोनिक डिफ्युझरची खास अडचण अशी की तो नुसता वास सोडत नाही, तेलाचे सूक्ष्म थेंब उडवतो. ते केसांवर बसतात आणि मांजर अंग चाटते. म्हणजे हुंगणं आणि खाणं दोन्ही झालं.

तुमच्या संचातलं टी ट्री सगळ्यात वाईट. मांजर असलेल्या घरात ते डिफ्युझरमध्ये नकोच, तिच्या अंगाला पिसवांसाठी लावणं तर अजिबात नाही. पेपरमिंट, निलगिरी, बर्गमॉट हीही डिफ्युझरमधून वगळा. संचाबाहेरची विंटरग्रीन, लवंग, दालचिनी त्याच यादीत. लव्हेंडर एका खोलीत, मांजर बाहेर, दार लावून, वर सांगितलेली ३० मिनिटं. नंतर खिडकी उघडून हवा खेळली की मगच तिला आत. वाफारा यांनी सांगितलेल्या झोपेच्या मिश्रणातलं बर्गमॉट तुमच्याकडे काढून टाका. माझ्या मते टिश्यूवाला पर्याय तुमच्यासाठी बरा, तोही तिला उचलता येणार नाही अशा जागी. लादी पुसायच्या पाण्यातही थेंब नकोत, ती त्याच लादीवर चालून पंजे चाटते.

लाळ गळणं, झोकांड्या, थरथर, उलटी, सुस्ती यातलं काही दिसलं तर डिफ्युझर बंद, मोकळी हवा, आणि तेलाची बाटली हातात घेऊन पशुवैद्याकडे. अंगावर तेल सांडलं असेल तर भांड्याच्या सौम्य साबणाने धुवा, चाटू देऊ नका. घरात पक्षी असता तर मी डिफ्युझर कुणाला तरी देऊन टाका म्हणालो असतो.

मुलीबद्दल: निलगिरी आणि पेपरमिंट तिच्या चेहऱ्याजवळ, छातीला, नाकाखाली नाही. लहान मुलांत निलगिरीतल्या सिनिओलने आणि पेपरमिंटमधल्या मेंथॉलने घशाची झडप आवळण्याचे, श्वास मंदावण्याचे प्रकार नोंदलेले आहेत. तिला गरम पाण्याची वाफही नको. त्यात तेलापेक्षा मोठा धोका भांडं कलंडून भाजण्याचा. सर्दीत मिठाच्या पाण्याचे नाकात घालायचे थेंब पुरतात. अंगाला लावायचंच तर लव्हेंडर ०.५ टक्के, ३० ग्रॅम बेस तेलात ०.१५ ग्रॅम. रोज लावायची गरज मला तरी दिसत नाही.

खरी भीती बाटलीची. निलगिरीचं ५ मिली, म्हणजे तुमची अर्धी बाटली, लहान मुलाच्या पोटात गेली तर बेशुद्धी आणि झटके येऊ शकतात, आणि हे अर्ध्या तासातही सुरू होतं. गिळलं असेल तर उलटी करवू नका: उलटीबरोबर तेल फुप्फुसात उतरतं आणि ते जास्त घातक. थेट दवाखाना, बाटली सोबत. डोळ्यात गेलं तर वाहत्या कोमट पाण्याने १५ मिनिटं, मग डॉक्टर. कातडीवर निव्वळ तेल सांडून झोंबलं तर आधी बेस तेल लावून कापसाने टिपा, मग साबण. नुसत्या पाण्याने ते पसरतं. कुलूपबंद कपाट नसेल तर निदान दाबून फिरवायची झाकणं बसवा.

थेंबे_थेंबे

बोकोबा, +१. विंटरग्रीनचा उल्लेख आलाच आहे तर पुरवणी: सांधेदुखीसाठी ते बरेच जण शोधतात. त्यात जवळजवळ सगळं मिथिल सॅलिसिलेट असतं, ॲस्पिरिनचंच भावंड. ५ मिली तेलातली मात्रा सुमारे ७ ग्रॅम ॲस्पिरिनच्या तोडीची. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांनी ते चोळायचंही नाही. गरोदरपणात, अपस्माराचा त्रास असताना किंवा नियमित औषधं चालू असताना कुठलंही तेल डॉक्टरांना विचारूनच.

रातराणी

म्हणजे टी ट्री आणि निलगिरी कपाटात, बाकीचं माझ्यापुरतं. एक शेवटचं: सगळ्यात आवडला तो बर्गमॉटचा वास, आणि नेमका तोच मांजरामुळे डिफ्युझरमधून आणि उन्हामुळे अंगावरून बाद. मनगटाला लावायला रोल-ऑन होईल का?

थेंबे_थेंबे

होईल, हुंगल्याने उन्हाचा काही संबंध येत नाही, प्रश्न फक्त कातडीवरच्या प्रमाणाचा आहे. १० ग्रॅमच्या रोल-ऑनमध्ये ०.४ टक्के म्हणजे ०.०४ ग्रॅम. म्हणून आधी बर्गमॉटच्या बाटलीचा थेंब तोला. तो ०.०३ ग्रॅम भरला तर एक थेंब बिनघोर, ०.०५ भरला तर एकच थेंब हद्दीबाहेर जातो, मग १५ मिलीची बाटली घ्या. सोबत लव्हेंडरचे २ थेंब. बेस जोजोबा, म्हणजे बाटली वर्षभर टिकेल. आधी सुगंधी तेलं बाटलीत, मग बेस, मग रोल-ऑनची फिरती गोळी दाबून बसवा, हातात गोल फिरवून मिसळा आणि दिवसभर ठेवून मग वापरा. लावलेलं वाळून मुरेपर्यंत मांजराला उचलून घेऊ नका, मनगट चाटेल.

थेंब टाकताना बाटली ४५ अंशांत धरा आणि थांबा. उलटी करून झटकली की दोन-तीन एकदम पडतात. तसं झालंच तर बर्गमॉटचे जितके थेंब पडले तितक्या रोल-ऑन बाटल्यांत मिश्रण सारखं वाटा आणि सगळ्या बेस तेलाने भरा. लेबलवर तेलांची नावं, टक्के आणि तारीख.